कॅमेऱ्याच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी

मॉडेलांची तुलना सुरू करण्याआधी आपल्याला नेमके काय टिपायचे आहे ते कागदावर लिहून काढावे, कारण कोल्हापूरच्या खासबाग मैदानावर दिव्यांच्या उजेडात रंगलेली कुस्ती, दाजीपूरच्या जंगलातला गवा आणि घरचे बारसे या तिन्हींना एकच कॅमेरा-लेन्सची जोडी पुरी पडत नाही. कुस्तीत डाव पापणी लवायच्या आत पडतो. तो स्पष्ट यायचा तर शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास हवा आणि तेवढ्यात पुरेसा प्रकाश आत घेणारी लेन्सही हवी. बॉडीबरोबर, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याबरोबर, मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स झूम केल्यावर बहुधा एफ/५.६ वर येऊन थांबते (एफपुढचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त), तर ५० मिमीची एफ/१.८ लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश घेते आणि तुलनेने स्वस्तही असते. म्हणून पैशांचा हिशेब मांडताना आधी लेन्स धरावी आणि उरलेल्या रकमेत बॉडी बसवावी. गव्यासाठी मात्र ३०० मिमी किंवा त्याहून लांब पल्ल्याची लेन्स लागेल, हा खर्च वेगळा धरावा.

मेगापिक्सेलच्या आकड्यांत फार अडकू नये. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र वीस इंच रुंदीपर्यंत उत्तम छापता येते. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) की मिररलेस (बिनआरशाचा), या प्रश्नावर माझे मत मिररलेसच्या बाजूने आहे, कारण कॅननच्या आणि निकॉनच्या जुन्या डीएसएलआर लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून त्यांच्या नव्या मिररलेस बॉडीवर चालतात, उलट मात्र जमत नाही.

कोल्हापूरकराने सर्वाधिक विचार पावसाचा आणि गुलालाचा करावा. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाची बारीक पूड झूमच्या कड्याच्या फटीत आणि बटणांच्या कडेला जाऊन बसते. तिथे लेन्स बदलली तर ही पूड थेट सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या आतल्या पट्टीवर उतरते. वेदर सीलिंग, म्हणजे पाणी-धूळ आत जाऊ न देणारी बांधणी, बॉडीला आहे का आणि लेन्सलाही आहे का, हे दोन्ही विचारावे, कारण एकालाच असून भागत नाही. सीलिंग असले तरी कॅमेऱ्यावर घालायचे पारदर्शक आवरण, लेन्सपुढे बसवायची यूव्ही फिल्टरची काच आणि हाताने दाबायचा ब्लोअर यादीत असावा; गुलाल फडक्याने पुसला तर काचेवर ओरखडे उठू शकतात, म्हणून तो आधी हवेने उडवावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, तेव्हा हवाबंद डबा आणि सिलिका जेल हा खर्चही आत्ताच धरावा.

दुकानात जाताना स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून पाहावे, बॉडी लेन्ससह काही वेळ हातात धरावी, आणि एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घेऊन ते घरी मोठ्या पडद्यावर तपासावे. सेन्सरवर धूळ असेल तर काळसर ठिपके दिसतील. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी स्वतःचा चित्रपट-कॅमेरा घडवला त्या या गावात गिऱ्हाइकाने दहा शंका विचारल्या म्हणून विक्रेत्याने कंटाळू नये. जुना कॅमेरा घ्यायचा असेल तर शटर किती वेळा चालले आहे ते विचारावे आणि लेन्समधून टॉर्चचा झोत टाकून बुरशीचे तंतू शोधावेत. नवा घेताना वॉरंटी भारतातली आहे याची खात्री करावी, आणि बिलावर बॉडीचा व लेन्सचा असे दोन्ही अनुक्रमांक लिहून घेऊन ते खोक्याशी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.