इम्युनिटीच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

पावसाळ्यात सांगलीच्या विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत व्हायरलची साथ सुरू झाली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एकच मागणी असते, "इम्युनिटीचं काहीतरी भारी द्या." कोरोना गेला, ही सवय मागे ठेवून गेला. जीवनसत्त्वं आणि झिंकसारखी खनिजं अंगात कमी असतील तर ती भरून काढल्यानं शरीर आजाराशी नीट झगडतं. कमी नसताना जादा घेतली म्हणून व्हायरस पळून जात नाही. हे रोज सांगतो, रोज तेच चालतं.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे 'डी' जीवनसत्त्वाची पुडी रोज घेणं. ही पुडी 60,000 युनिटची असते आणि मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण 600 युनिटची. म्हणून तर ती आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच लिहून देतात. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका होते. घरात सुनेला चिकुनगुनिया झाला, तसं यांनी आपल्याला होऊ नये म्हणून रोज रात्री दुधातून एक पुडी सुरू केली. पुड्या वेगवेगळ्या दुकानांतून आणायचे, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढं उलट्या, पोट साफ होईना, सारखी तहान, रात्रभर लघवीला पळापळ. घरच्यांना वाटलं शुगर वाढली. शुगर नॉर्मल निघाली. वाढलं होतं रक्तातलं कॅल्शियम, आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही वर गेलेलं. मिरजेत ॲडमिट करून सलाइन लावावं लागलं. 'डी' चरबीत साठून राहतं, त्यामुळे पुड्या बंद केल्यावरही कॅल्शियम खाली यायला कित्येक आठवडे गेले. तरी नंतर भेटले तेव्हा म्हणतात कसे, "व्हिटॅमिनच हाय की वो, त्यानं काय हुतंय?"

तेव्हापासून मी पुडीच्या पाकिटावर काळ्या मार्करनं 'फक्त रविवार' लिहून देतो. गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

झिंकची गंमत उलटी आहे. जिथं खरंच उपयोग आहे तिथं लोक हात आखडतात. लहान मुलांना जुलाब लागले, मग ते रोटाव्हायरसचे का असेनात, की ओआरएसबरोबर झिंक 10 ते 14 दिवस द्यायचं असतं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचं प्रमाणही त्यानं कमी होतं. पण तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की आई गोळ्या कपाटात टाकते. आणि त्याच घरातले वडील मात्र 50 मिलिग्रॅमची गोळी वर्षभर गिळतात! मोठ्यांनी रोज 40 मिलिग्रॅमच्या वर झिंक महिनोन् महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, रक्त कमी होतं, हातापायाला मुंग्या येतात. उपाशीपोटी घेऊन मळमळलं की "गोळी डुप्लिकेट दिली" म्हणून भांडायला आमच्याकडेच येतात.

'सी'च्या चघळायच्या गोळ्या सर्दी झाल्यावर सुरू करून फारसा फरक पडत नाही. बाराही महिने घेणाऱ्यांची सर्दी जरा लवकर आटोपते, इतकंच. मी स्वतः पेरू खातो. आणि उकळत्या काढ्यात लिंबू पिळू नका, 'सी' उष्णतेनं नासतं.

गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर 'ए'चे मोठे डोस लागोपाठ दोन दिवस देतात, त्यानं डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. म्हणून बाटली घरी आणून चमच्यानं पाजत बसू नका, आणि लस तर अजिबात चुकवू नका. गरोदर बाईनं 'ए'च्या जादा गोळ्या आपल्या मनानं घेऊ नयेत, बाळात व्यंग येऊ शकतं.

डॉक्सीसायक्लिनसारखी अँटिबायोटिक चालू असेल तर झिंक, लोह, कॅल्शियम तिच्याबरोबर एकाच घोटात घेऊ नका, ती अंगी लागत नाही. मी चिठ्ठीवर दोन्हींच्या वेळा घालून देतो, सकाळी एक, दुपारच्या जेवणानंतर दुसरी. आणि थायरॉइडची तपासणी करायची असेल तर केसांसाठी बायोटिन घेताय हे लॅबवाल्याला आधी सांगा. रिपोर्ट चुकीचा येतो, आणि मग नसलेल्या आजाराच्या गोळ्या मागायला माणूस पुन्हा माझ्याच काउंटरवर.