बर्नआउटनंतर नवं काम शोधताय? या चुका टाळा

बर्नआउट झालं, म्हणजे कामाच्या दीर्घ ताणाने पार पिळून निघून काम नकोसं झालं, की पहिला विचार राजीनाम्याचा येतो आणि त्याच्या पाठोपाठ ‘आता काहीतरी अर्थपूर्ण करायचं’ हा. दोन्ही विचार रास्त आहेत. घोळ होतो तो क्रमाचा. पार पिळून निघालेलं डोकं नवं काम निवडायला बसलं की एकच निकष लावतं, तो म्हणजे इथून सुटका. मग नोकरी बदलते, पहिले काही महिने बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी सावरा, मग नेमकं काय बिनसलं ते शोधा आणि त्यानंतरच काम बदलायचं की नाही ते ठरवा. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्याने होतात.

सगळ्या थकव्याला बर्नआउट म्हणून मोकळं होणं

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये बर्नआउटवर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात झोकून देऊन राबणाऱ्या लोकांची अवस्था पाहून. नंतर मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक यांनी त्याची तीन अंगं वेगळी करून दाखवली. अंगातलं त्राण संपतं, कामाबद्दल आणि समोरच्या माणसांबद्दल मन कोरडं पडतं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहतं. नुसती दमणूक असेल, पण कामाची ओढ टिकून असेल, तर बहुधा विश्रांतीने भागतं. माणसंच नकोशी व्हायला लागली असतील तर मात्र प्रकरण पुढे गेलंय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार मानलेला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की उद्भवणारी, कामापुरती स्थिती अशी त्याची नोंद आहे. हे ‘कामापुरती’ महत्त्वाचं. कारण थायरॉइड मंदावणं, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडखळणं यांतही माणूस असाच गळून जातो. हे तपासण्यांत कळतं आणि त्यावर उपचार असतात. आजाराला कंटाळा समजून कुणी नोकरी सोडून बसू नये.

नैराश्याचं वेगळेपण ओळखायला एक प्रश्न स्वतःला विचारा. कामापासून लांब असताना, आपल्या माणसांत, जुन्या छंदात मन थोडं तरी रमतं का? रमत असेल तर मूळ कामात असण्याची शक्यता जास्त. कुठेच काही गोड लागत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि जगणंच नको असा विचार येत असेल, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. नोकरीचं नंतर बघता येईल.

लांब सुट्टीवर सगळी भिस्त ठेवणं

‘एकदा महिनाभर सुट्टी घेतली की ठणठणीत होईन.’ मिना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या संशोधकांनी १९९७ मध्ये सुट्टीचा बर्नआउटवर काय परिणाम होतो ते मोजलं. सुट्टीत बर्नआउट कमी झालं खरं, पण कामावर परतल्यावर तीन आठवड्यांत ते जिथल्या तिथे आलं. परतून जर त्याच टेबलावर, त्याच ढिगाऱ्यासमोर बसायचं असेल, तर दुसरं काय होणार? सुट्टी घ्याच, पण तिच्यामुळे विचार करायला उसंत मिळेल एवढीच अपेक्षा ठेवा.

रोजच्या रोज काम डोक्यातून उतरणं याला मी जास्त मोल देईन. सॅबीन सोनेनटाग यांच्या संशोधनाचा रोख हाच आहे. कामाचे तास संपल्यावर मन कामापासून सुटतं की नाही, यावर दुसऱ्या दिवशीची उभारी ठरते. घरी येऊन सोफ्यावर पडलोय, पण मेल चाळतोय, ही विश्रांती नव्हे. एक साधी सवय यात फार उपयोगी पडते. निघण्याआधी दहा मिनिटं काढायची. अर्धवट राहिलेली कामं कागदावर उतरवायची, प्रत्येकासमोर उद्याची पहिली कृती लिहायची (‘देशमुखांना आकडे विचारणे’ इतकी बारीक), वही खणात ठेवायची आणि मोबाइलवरच्या कामाच्या सूचना बंद करायच्या. अर्धवट काम मनात घोळत राहतं, पण त्याची पुढची पायरी लिहिलेली असली की ते बरंचसं शांत होतं. पहिले काही दिवस हात मोबाइलकडे जाईलच. म्हणून सवय सोडू नका.

सगळा दोष स्वतःच्या माथी घेणं

मला सर्वात जास्त खटकते ती ही चूक. ‘मीच कमी पडतो’, ‘बाकीच्यांना जमतंय, मलाच कसं जमत नाही’ असं म्हणत माणूस पहाटे उठायला लागतो, ध्यानाला बसतो, वेळेच्या नियोजनाची पुस्तकं आणतो. यातलं काहीच वाईट नाही. पण कामाची रचनाच माणसाला खाणारी असेल तर एकट्याने ध्यान करून ती सुधारत नाही.

मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनी माणूस आणि काम यांचं कुठे बिनसतं याच्या सहा जागा सांगितल्या आहेत. कामाचा बोजा, कामावरचा ताबा, कष्टाचा मोबदला आणि दखल, सहकाऱ्यांशी नातं, न्याय आणि मूल्यं. या सहांपैकी नेमकी कोणती जागा दुखतेय हे कळल्याशिवाय केलेला कुठलाही बदल अंधारात मारलेला तीर असतो. बहुतेकांना पहिली जागा तेवढी दिसते, कारण बोजा उघड दिसतो. माझ्या मते बाकीच्या पाच जास्त छळतात.

हे शोधायला दोन आठवड्यांची वही पुरते. दिवसातून दोन-तीनदा, मन विशेष खाली गेलं किंवा वर आलं की एक ओळ लिहायची. समजा, हिशेब विभागात काम करणाऱ्या कुणाच्या वहीत अशा नोंदी आहेत:

मंगळवार, चार वाजता. अहवाल तिसऱ्यांदा परत आला. काय चुकलं ते सांगितलंच नाही.
बुधवार, अकरा. नव्याने लागलेल्या मुलीला ताळेबंदातली मेख समजावली. तिला चटकन कळलं. बरं वाटलं.
गुरुवार, रात्री दहा. साडेनऊपर्यंत थांबलो, पण काम आपलं होतं. दमलो, वैतागलो नाही.
शुक्रवार, दोन. बैठकीत माझं काम दुसऱ्याच्या नावावर मांडलं गेलं.

या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, ‘काम फार आहे हो.’ पण गुरुवारची नोंद बघा. जास्त तासांनी त्याला दमवलं, मोडलं नाही. तो मोडतोय ताबा नसल्यामुळे आणि अन्यायामुळे. उद्या त्याने कमी तासांची नोकरी धरली आणि तिथेही निकष न सांगता काम परत पाठवणारे वरिष्ठ भेटले, तर त्याची अवस्था बदलणार नाही. बुधवारची नोंद तर सोन्यासारखी आहे, तिच्याकडे पुन्हा येऊ.

तासांचा मुद्दा हलका आहे असा याचा अर्थ कृपया काढू नका. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये दिला. तास कमी करावेच लागतात. फक्त तेवढ्याने भागेल असं धरून चालू नये.

गळून गेलेल्या अवस्थेत मोठा निर्णय घेणं

झोप पुरी होत नसेल, बारीकसारीक गोष्टींवर डोळे भरून येत असतील, तर राजीनामा लिहून ठेवा, पण देऊ नका. आधी झोप मार्गावर आणा, एखादी जबाबदारी कमी करून मागा, जमलं तर थोडी रजा टाका. मागताना ‘मला झेपत नाही’ असं मोघम बोलण्यापेक्षा वही समोर ठेवून बोला: ‘या तीन कामांपैकी या महिन्यात कोणती दोन आधी हवीत ते ठरवून द्या.’ अशा प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. उत्तर काय येतं, त्यावरून त्या जागेचा अंदाजही येतो. सुधारायची तयारीच नसेल तर तेही वेळेत कळलेलं बरं.

याला अपवाद आहे. छळ होत असेल, बेकायदा काही करायला लावलं जात असेल किंवा तब्येत ढासळतेय म्हणून डॉक्टरच थांबायला सांगत असतील, तर क्रमाच्या गोष्टी बाजूला ठेवा आणि तिथून बाहेर पडा.

अर्थपूर्ण काम म्हणजे वेगळा पेशा असं धरून चालणं

बर्नआउटमधून गेलेल्या माणसाला शेती, शिक्षण, समाजसेवा, स्वतःचा व्यवसाय असं काहीतरी लांबचं खुणावायला लागतं. कधीकधी तेच बरोबर असतं. पण अर्थ नेहमी पेशात दडलेला नसतो. एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयात साफसफाई करणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यातल्या काहींच्या दृष्टीने ते काम म्हणजे झाडलोट. त्याच कामावरचे दुसरे काही जण रुग्णांशी बोलत, त्यांच्या सोयीने कामाची वेळ साधत आणि आपणही रुग्ण बरा होण्यात हातभार लावतो असं मानत.

मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट यांचा प्रयोगही बोलका आहे. विद्यापीठासाठी फोनवरून निधी गोळा करणाऱ्यांना त्या निधीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटं भेटवलं. महिन्याभराने पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळही आणि जमलेले पैसेही दुपटीहून जास्त झाले होते. काम तेच, पण ते कुणापर्यंत पोचतं हे डोळ्यांनी दिसलं. तुमच्या कामाचा उपयोग ज्याला होतो त्याला तुम्ही शेवटचं कधी भेटलात?

आता बुधवारच्या नोंदीकडे या. त्या माणसाला शिकवण्यात रस आहे. त्यासाठी नोकरी सोडून शिक्षक होण्याआधी नव्या लोकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी मागून बघता येईल. सगळा दिवस आवडीचा असावा लागत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या २००९ च्या पाहणीत, ज्यांचा किमान २० टक्के वेळ स्वतःला सर्वात मोलाच्या वाटणाऱ्या कामात जात होता, त्यांच्यात बर्नआउटचं प्रमाण बरंच कमी आढळलं. २० टक्के म्हणजे आठवड्यातला एक दिवस. एवढं मागणं अवास्तव नाही.

दुसरी बाजूही ठाऊक असू द्या. ध्येयाचं काम माणसाला जाळत नाही हा गैरसमज आहे. फ्रॉइडेनबर्गर यांच्यासमोरची माणसं ध्येयानेच आलेली होती. प्राणिसंग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांच्या २००९ मधल्या एका अभ्यासात दिसलं की कामाला जीवितकार्य मानणारे लोक पगार, आराम आणि खासगी वेळ सहज सोडून देतात आणि व्यवस्थापन त्याचा फायदा घेऊ शकतं. ‘आपण एवढं चांगलं काम करतोय, मग तास काय मोजायचे?’ असं नव्या ठिकाणी कानावर आलं की सावध व्हा.

आणखी काही छोट्या चुका

नव्या क्षेत्राचा महागडा कोर्स आधी करू नका. त्या क्षेत्रात रोज राबणाऱ्या दोघा-तिघांना त्यांचा कालचा दिवस कसा गेला ते तासातासाने विचारा आणि जमल्यास सुट्टीच्या दिवशी ते काम थोडं करून बघा. घरच्यांना अंधारात ठेवू नका, कारण पैशाचं गणित त्यांचंही असतं. किती महिन्यांचा खर्च हाताशी आहे ते एकत्र बसून मांडलं की निम्मी भीती आकड्यात उतरते. आणि मुलाखतीत आधीच्या कंपनीचे वाभाडे काढू नका.

बदल केला, तरी पुन्हा तसंच वाटतंय

होतं असं, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, नव्याची नवलाई ओसरल्यावर. लगेच निवड चुकली म्हणू नका. आधी हे बघा की संध्याकाळची दहा मिनिटं अजून चालू आहेत का, की नवं काम जिंकायच्या नादात तीही गेली. मग वही काढा आणि पुन्हा दोन आठवडे नोंदी करा. जुनीच जागा दुखत असेल, म्हणजे पहिल्या ठिकाणी ताबा नव्हता आणि इथेही नाही, तर काम स्वीकारताना तुम्ही काय विचारलं नव्हतं ते तपासा. पुढच्या वेळी मुलाखतीत थेट विचारा: ‘इथे काम परत पाठवताना कारण लेखी देतात का? शेवटचा शब्द कुणाचा असतो?’ दुखणारी जागा नवी असेल तर वरिष्ठांशी याच महिन्यात बोला. आणि नोंदी बऱ्या आहेत, तरीही सकाळी अंथरुणातून उठवत नाही, असं असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. या वेळी झोपेबद्दलही सविस्तर सांगा.