मिशन संपताना: दक्षिण सुदानमधून परतणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी

एमएसएफसारख्या (मेदसां सां फ्रोंतिए, म्हणजे 'सीमांपलीकडचे डॉक्टर') आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेतर्फे पहिल्यांदाच परदेशी मिशनवर निघालेल्या डॉक्टरला जाण्याच्या तयारीविषयी सांगणारे बरेच जण भेटतात. कोणत्या लसी घ्याव्यात, कोणते बूट पावसात टिकतात, डोक्याला बांधायचा दिवा का हवा, हे सगळे नीट समजावले जाते. परत कसे यावे याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. दक्षिण सुदानच्या वायव्येकडील आवेल या गावच्या रुग्णालयात मी बालरोग विभागात काम केले. हा देश 9 जुलै 2011 रोजी स्वतंत्र झाला आणि आवेलमध्ये एमएसएफ त्याच्याही आधीपासून, 2008 पासून, माता व बालकांसाठी काम करते. तिथून निघताना आणि घरी आल्यावर जे कळले, ते पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते. शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ अनेकदा काही आठवड्यांसाठीच जातात. पुढील मजकूर मुख्यतः नऊ महिने ते वर्षभरासाठी जाणाऱ्यांना लागू आहे.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हँडओव्हर, म्हणजे काम पुढच्यांकडे सोपवतानाचे लेखी टिपण, आणि तो कोणासाठी लिहायचा याची स्पष्ट जाणीव. बहुतेक जण तो आपल्या जागी येणाऱ्या परदेशी डॉक्टरसाठी लिहितात. मला हे अपुरे वाटते. बाहेरून आलेले डॉक्टर काही महिन्यांनी बदलतात. रुग्णालय चालते ते तिथल्या क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसले तरी रुग्ण तपासून उपचार करणारे प्रशिक्षित कर्मचारी), परिचारिका, पोषण सहायक आणि डिंका भाषेतून दुभाष्याचे काम करणाऱ्या माणसांवर. त्यांनी तुमच्यासारखे अनेक डॉक्टर येताना आणि जाताना पाहिलेले असतात. त्यामुळे हँडओव्हरचा मसुदा आधी त्यांच्याबरोबर बसून वाचावा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या केल्यानंतरच तो पुढे पाठवावा. असे केल्याने निम्मी वाक्ये बदलतात, हा माझा अनुभव आहे.

त्या टिपणात उपचारांची नियमावली पुन्हा उतरवण्यात अर्थ नाही. गंभीर मलेरियात आर्टेसुनेटचे इंजेक्शन दाखल होताना, बारा तासांनी आणि चोवीस तासांनी द्यायचे, हे नव्या डॉक्टरला पुस्तकात सापडेल. जनित्र बदलताना कोणते ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद पडते, रक्त द्यायला कचरणाऱ्या नातेवाइकांशी प्रयोगशाळेतील कोणी बोलले तर ते तयार होतात, कोणता बदल आपण करून पाहिला आणि तो का सोडून द्यावा लागला, हे कुठल्याही पुस्तकात नसते. विशेषतः फसलेले किंवा अर्धवट राहिलेले प्रयत्न लिहावेत, कारण नवा माणूस उत्साहाने नेमके तेच पुन्हा सुरू करतो आणि परिचारिका सौजन्याने गप्प राहतात.

ऋतूचा उल्लेखही विसरू नये. आवेलमध्ये पावसाबरोबर मलेरिया वाढतो आणि जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वॉर्ड भरून वाहू शकतो. फेब्रुवारीत येणाऱ्या डॉक्टरला वॉर्ड शांत दिसतो आणि जादा खाटांची, जादा परिचारिकांची, रक्ताच्या पिशव्यांची तुमची मागणी अतिशयोक्त वाटते. म्हणून जादा तंबू कधी उघडला, तो निर्णय किती रुग्णसंख्येला घेतला आणि तो उशिरा घेतला गेला असे आता वाटते का, हे कारणांसह लिहून ठेवावे. दीर्घ उपचार चालू असलेल्या मुलांची यादी वेगळी करावी. क्षयरोगाची औषधे सहा महिने घ्यायची असलेले मूल कोणत्या पायामचे, म्हणजे तिथल्या तालुक्यासारख्या विभागाचे, आहे आणि पावसाने रस्ते बंद झाल्यावर त्याच्या आईपर्यंत निरोप कोण पोहोचवू शकेल, ही माहिती त्याच्या केसपेपरवर क्वचितच असते.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कोणतेही नवे काम सुरू करू नये. जाण्यापूर्वी काहीतरी ठोस करून दाखवावे असे प्रत्येकाला वाटते, पण त्या ओढीतून सुरू झालेले प्रशिक्षण किंवा नवी नोंदवही पाठीमागे राहणाऱ्यांच्या माथी येते. त्यापेक्षा सकाळची फेरी क्लिनिकल ऑफिसरकडे सोपवावी आणि आपण मागे उभे राहावे.

इथे थोडे विषयांतर करते. मिशन हा शब्द आपल्याकडे जुना आहे. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभारले आणि ते जवळजवळ चार दशके भारतात राहिले. निरोप घेण्याची वेळ त्यांच्यावर आयुष्याच्या उत्तरार्धात आली. आजच्या मिशनमध्ये ती काही महिन्यांतच येते. त्यामुळे निघून जाणे हा आपल्या कामाचाच भाग धरावा लागतो, आणि तो चांगला करता येतो किंवा वाईट.

निरोपसमारंभ होतो. चहा असतो, भाषणे असतात आणि प्रत्येकाला बोलू दिले जाते, म्हणून त्या संध्याकाळी दुसरे काही ठरवू नये. या वेळी कोणालाही आश्वासन देऊ नये: शिष्यवृत्तीचे नाही, शिफारशीचे नाही, 'मी परत येईन' हेही नाही. आपण भावनेच्या भरात बोलतो, पण समोरचा माणूस ते लक्षात ठेवतो, आणि त्याने तसे करणे रास्त आहे. मागे ठेवायच्या वस्तू, म्हणजे मच्छरदाणी, दिवा, चपला, पुस्तके, शक्यतो प्रशासनामार्फत द्याव्यात. एकालाच दिलेली भेट उरलेल्यांना जाणवते. ज्या क्लिनिकल ऑफिसरने खरोखर चांगले काम केले आहे, त्याला तारखेसह आणि कामाच्या तपशिलासह लेखी शिफारसपत्र तिथे असतानाच द्यावे. त्याला पुढच्या नोकरीत त्याचाच उपयोग होतो. छायाचित्रांबाबत फार काटेकोर राहावे. दक्षिण सुदानमध्ये परवानगीशिवाय छायाचित्रे काढल्यास अडचण येते, आणि आजारी मुलाचे छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे तर कोणत्याही देशात अयोग्यच आहे.

प्रवासाचे वेळापत्रक सैल ठेवावे. दक्षिण सुदानात अनेक ठिकाणी पावसाने कच्ची धावपट्टी भिजली की लहान विमान उतरू शकत नाही, म्हणून राजधानी जुबाहून सुटणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आधी दोन-तीन दिवस हाताशी असावेत. हे दिवस वाया जात नाहीत. देशपातळीवरील वैद्यकीय समन्वयकाशी बोलणे तिथेच होते. दक्षिण सुदानी पौंड देशाबाहेर जवळजवळ निरुपयोगी आहेत, ते तिथेच संपवावेत. यलो फिव्हरच्या लसीचे पिवळे कार्ड हातातल्या पिशवीत ठेवावे. या रोगाचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे ते नसेल, तर भारतात विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावे लागू शकते, आणि या नियमातून भारतीय नागरिक किंवा डॉक्टर सुटत नाहीत. जुने कार्ड असल्यास काळजी नसावी. 2016 पासून ही लस आयुष्यभरासाठी ग्राह्य धरली जाते.

मलेरियाची प्रतिबंधक गोळी घरी आल्यावर लगेच थांबवण्याचा मोह होतो. डॉक्सीसायक्लीन किंवा मेफ्लोक्वीन घेत असाल तर ती परतल्यावर चार आठवडे आणि अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेत असाल तर सात दिवस चालू ठेवावी लागते. पुढील काही महिन्यांत ताप आला, तर तपासणाऱ्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात आफ्रिकेतून आल्याचे सांगावे. पुण्यामुंबईत पावसाळ्यातला ताप सहज डेंग्यू समजला जातो आणि फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकारात एक दिवसही महत्त्वाचा असतो. तिथे नदीत किंवा तळ्यात उतरला असाल, तर शिस्टोसोमियासिसची, म्हणजे गोड्या पाण्यातून त्वचेवाटे शिरणाऱ्या कृमींच्या रोगाची, तपासणी काही आठवड्यांनी करून घ्यावी. हा रोग आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांनी फक्त पाठ्यपुस्तकात पाहिलेला असतो, जरी गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी 1952 साली रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात त्याचे रुग्ण नोंदवले होते.

घरी आल्यावरचे पहिले आठवडे वाटतात तितके सोपे नसतात. नातेवाईक दोन प्रश्न विचारतात, भीती वाटली का आणि खायला काय मिळायचे, आणि उत्तर पूर्ण होण्याआधी विषय बदलतो. त्यांचा यात दोष नाही. झोप उडणे, लग्नाच्या हॉलमधला खर्च पाहून चिडचिड होणे, दुपारी साडेअकरा वाजता 'आता तिथे सकाळची फेरी सुरू झाली असेल' असा हिशेब मनात होणे (तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते), हे बहुतेकांना होते. ते आठवडे उलटूनही कमी झाले नाही, तर संस्थेकडे उपलब्ध असलेली मानसिक आरोग्याची मदत घ्यावी. डीब्रीफिंगमध्येही, म्हणजे परतल्यावर संस्थेशी होणाऱ्या आढाव्याच्या बोलण्यात, 'सगळे छान झाले' एवढे बोलून सुटका करून घेऊ नये. नोकरीत रुजू होण्याआधी शक्य असल्यास महिनाभर मोकळा ठेवावा.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी लवकर उरकावे. अनुभवाच्या दाखल्यात नुसते पदनाम न घेता खाटांची संख्या, हाताखालील कर्मचारी आणि कामाचे स्वरूप लिहून घ्यावे, कारण इथल्या मुलाखतीत मिशनकडे अनेकदा समाजसेवा म्हणून पाहिले जाते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. ते या काळात राहून गेले नाही ना, हे पाहावे. आर्थिक वर्षातील भारतातले दिवस मोजून सनदी लेखापालांना सांगावेत. नोकरीसाठी देश सोडलेल्या नागरिकाचे ते 182 हून कमी असतील, तर प्राप्तिकराच्या दृष्टीने तो अनिवासी ठरू शकतो. अनुभवाचा उपयोगही लगेच करता येतो. दंडाचा घेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला की मूल अतितीव्र कुपोषित धरायचे, हा आवेलमधला निकष मेळघाटात आणि नंदुरबारमध्येही तोच आहे.

परतल्यावर काही काळ वॉर्डमधून संदेश येत राहतात. नोंदवही कुठे ठेवली, अमुक मुलाला मागच्या वेळी कोणते औषध दिले होते, अशा प्रश्नांची उत्तरे जरूर द्यावीत. एखाद्या रुग्णावर आता काय करावे असे विचारले गेले, तर तो प्रश्न तिथे कामावर असलेल्या डॉक्टरकडेच पाठवावा, मग उत्तर आपल्याला कितीही ठाऊक असो.