फॅटी लिव्हर: तेल-तूप सोडलं, पण साखरेच्या डब्याचं काय? या चुका टाळा

मी सोनोग्राफीला गेले होते पित्ताच्या खड्यासाठी. खडा निघाला नाही, रिपोर्टच्या तळाशी मात्र एक ओळ होती: फॅटी लिव्हर, ग्रेड वन. म्हणजे यकृतात चरबी साठलेली, पहिल्या पायरीची. दारूला मी आयुष्यात हात लावलेला नाही. घरी आल्या आल्या तूप बंद केलं. मग फोडणीचं तेल निम्म्यावर आणलं, पापड भाजून खायला लागले, सकाळी लिंबू-मध-पाणी सुरू केलं. चहा तसाच राहिला: दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. तूप गेलं तशी संध्याकाळची भूक वाढली आणि चहाबरोबर दोन खाऱ्या जास्त जायला लागल्या. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. ग्रेड वनच.

कुलूप चुकीच्या डब्याला लावलं होतं.

सगळ्या चुकांची आई: "चरबी साठली म्हणजे चरबीच खाल्ली असणार"

यकृतात चरबी तीन वाटांनी येते. जेवणातल्या तेलातुपातून थेट, पोटावरच्या साठ्यातून रक्तात उतरून, आणि तिसरी वाट म्हणजे यकृत स्वतःच साखरेपासून चरबी बनवतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात या वाटा मोजल्या होत्या. रुग्ण नऊच होते, पण आकडे अजून सांगितले जातात: सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातल्या साठ्यातून आलेली, २६ टक्के यकृताने बनवलेली आणि थेट जेवणातून आलेली फक्त १५ टक्के. मी सहा महिने त्या १५ टक्क्यांशी भांडत होते.

घरातली साखर ही निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज. ग्लुकोज स्नायू, मेंदू, सगळे वापरतात. फ्रुक्टोजचा बहुतेक भार मात्र यकृतावर पडतो, आणि ते तिथे अशा मार्गाने जातं की "आता पुरे" म्हणून थांबवणारी यंत्रणा नाही. गरजेपेक्षा जास्त आलं की त्याची चरबी होते. भात-पोळीतल्या पिष्टाचं होतं ग्लुकोज. ते प्रमाणात असेल तर काही बिघडत नाही. पण ताटात सकाळ-संध्याकाळ तेच आणि दिवसभर बसून काम, असं असेल तर इन्सुलिन सतत चढं राहतं आणि यकृताला चरबी बनवण्याचाच निरोप मिळत राहतो.

म्हणून तेल मोकाट ओतावं असं नाही. एकूण उष्मांक वाढले की पोटावरचा साठा वाढतो आणि तिथूनच सगळ्यात जास्त चरबी यकृतात उतरते. फक्त "तळलेलं बंद केलं, आता सुटलो" हा हिशेब चुकीचा आहे.

यादी तपासा, ताट नंतर

आपण काय खातो हे विचारलं की प्रत्येकजण भाकरी आणि पालेभाजीच सांगतो. वाणसामानाची यादी खोटं बोलत नाही. आमच्या यादीत चार माणसांना महिन्याला पाच किलो साखर होती. भागाकार केला: माणशी रोज साधारण ४२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अशी साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली ठेवा, जमल्यास ५ टक्क्यांखाली. ५ टक्के म्हणजे दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास. आणि आमच्या ४२ ग्रॅममध्ये बिस्किटं, जॅम, केचप, बाहेरची मिठाई धरलेलीच नाही.

गूळही धरलेला नाही. "आम्ही साखर बंद केली, गुळाचा चहा घेतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण बाकी तो बहुतांशी साखरच असतो. मधात तर सुमारे ४० टक्के फ्रुक्टोज. माझं ते सकाळचं लिंबू-मध-पाणी म्हणजे उपाशीपोटी चमचाभर साखर होती, फक्त नाव चांगलं.

चहाची साखर एकदम तोडायला गेलात तर चौथ्या दिवशी पुन्हा जुन्यावर याल. दोन चमच्यांचा दीड करा, पंधरा दिवसांनी एक, मग अर्धा. जीभ ऐकते, वेळ लागतो. बिनसाखरेची कॉफी चालत असेल तर उत्तमच. कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृताचे आजार कमी दिसतात, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय.

उपवास

एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगाच नाही आली. संकष्टी, गुरुवार, श्रावणी सोमवार धरले तर कित्येक घरांत महिन्यातून सहा-सात दिवस साबुदाणा असतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. त्यात बटाटा म्हणजे पिष्टात पिष्ट. वर साखर भुरभुरवलेली, बाजूला गोड दही, दुपारी रताळ्याचे काप गुळात, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू.

(साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, आणि हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटाही तिकडचाच. जुन्या धर्मग्रंथांत या दोघांना उपवासाला परवानगी कुठून असणार, हे आमच्या आजेसासूबाईंना विचारायचं राहूनच गेलं.)

उपवास सोडायची गरज नाही, ताट बदला. राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, ताक. भगर चालेल, पण तीही भातासारखीच, म्हणून वाटीभर. खिचडीच हवी असेल तर छोटी वाटी, त्यात दाण्याचं कूट जास्त, बटाटा नाही, वर साखर नाही.

रस "नैसर्गिक" म्हणून निर्धास्त पिणं

रसवंतीतला मोठा ग्लास उसाचा रस म्हणजे साखर २५-३० ग्रॅम सहज, आणि ती दोन मिनिटांत पोटात. थंड पेयाच्या ३०० मिलीच्या कॅनमध्येही जवळपास तेवढीच. आंबा कापून खाल्ला तर एकावर थांबता येतं, आमरसाच्या दोन वाट्यांत तीन-चार आंबे कधी गेले कळत नाही, वर साखर वेगळीच. फळ चावून खा, रस सोडा.

भाकरीवर गेलो, तरी ताट तेच

पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, हे चांगलंच. पण तीन भाकऱ्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण आणि शेवटी भात, हे ताट पिष्टाचंच राहतं. आपल्याकडे उसळ चमचाभर वाढायची पद्धत आहे, ती उलटी करा. मटकी, मूग, चवळीची उसळ किंवा घट्ट पिठलं मोठी वाटीभर, भाजी-कोशिंबीर तेवढीच, आणि मग भाकरी किंवा भात, दोन्हींतलं एक. अंडी-मासे खात असाल तर सोपं जातं.

चहासोबतची खारी, बटर, फरसाण यांत मैदा आणि वनस्पती तूप किंवा पामतेल एकत्र येतं. स्वीडनच्या उप्सला विद्यापीठात २०१४ साली सडपातळ तरुणांना सात आठवडे जास्तीचे मफिन खायला दिले, काहींना पामतेलातले, काहींना सूर्यफूल तेलातले. वजन दोघांचंही सारखंच वाढलं, पण यकृतात चरबी साठली ती मुख्यतः पामतेलवाल्यांच्या. खारीचं पाकीट उलटं करून घटक वाचले, त्या दिवसापासून माझी खारी सुटली. त्या जागी मूठभर भाजलेले फुटाणे.

घाई आणि काढे

महिन्यात आठ-दहा किलो उतरवणारे आहार यकृताला उलटे पडू शकतात. पोटावरची चरबी एकदम सुटून यकृताकडेच धावते, शिवाय पित्ताचे खडे होतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. "लिव्हर डिटॉक्स"च्या नावाखाली मिळणारे काढे-चूर्ण डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. वाद राहू द्या, आधीच सुजलेल्या यकृतावर प्रयोग कशाला?

सगळं करूनही रिपोर्ट हलत नाही?

आधी वजन बघा. ५ टक्के उतरलं तर चरबी कमी व्हायला लागते, सूज उतरायला ७ ते १० टक्के लागतात. ७० किलोच्या माणसाला हे साडेतीन ते सात किलो. दोन किलो उतरवून सोनोग्राफीला पळालात तर निराशाच पदरी पडेल.

वजन मुळात कमीच असेल तर कंबर मोजा. आपल्याकडे बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका धरतात. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशा माणसालाही फॅटी लिव्हर होतं.

एसजीपीटी (यकृताच्या इजेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून विषय मिटत नाही. फॅटी लिव्हर असूनही ते नॉर्मल असू शकतं. सोनोग्राफीतली ग्रेड ही डोळ्यांनी ठरवलेली, आणि थोडी चरबी तिला दिसतही नाही. यकृत कडक होतंय का, हा खरा प्रश्न. त्यासाठी वय, एसजीपीटी, तशीच दुसरी तपासणी एसजीओटी आणि प्लेटलेट यांवरून फिब-४ नावाचा आकडा काढतात, तो १.३ च्या वर गेला तर फायब्रोस्कॅनबद्दल (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) डॉक्टरांशी बोला. मधुमेह, थायरॉइड, स्टेरॉइडसारखी औषधं, हेही त्यांना सांगा. आणि दारू "अधूनमधून" घेत असाल तर तेही. २०२३ मध्ये या आजाराचं नाव बदलून त्यात चयापचय शब्द आला, तो याचसाठी: साखर, रक्तदाब, कंबर, सगळं एकाच गाठीत बांधलेलं आहे.

आमच्या या महिन्याच्या यादीत साखर दीड किलो होती. दुकानदाराने चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, "वहिनी, गावाला चाललात का?"