क्रूपचा खोकला आणि स्टेरॉइडचा डोस

क्रूपमध्ये, म्हणजे स्वरयंत्राजवळ सूज आल्याने, मूल भुंकल्यासारखं खोकू लागलं की आधी त्याला शांत करा. रडलं की श्वास आणखी अडतो. मांडीवर ताठ बसवा. घशात चमचा घालून बघू नका.

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. डॉक्टर बहुधा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एकच डोस देतात, किलोमागे ०.१५ ते ०.६ मिलिग्रॅम. मी तो सिरिंजने गालाच्या आत थोडा थोडा सोडते. लगेच ओकलं तर तसं सांगा. सूज उतरायला काही तास लागतात. ‘स्टेरॉइड’ म्हटलं की आईवडील बिचकतात; एका डोसाला घाबरू नका हो. मात्र घरात उरलेलं औषध मनाने देऊ नका.

शांत असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज, बरगड्यांमध्ये खड्डे, लाळ गळणं किंवा ओठ निळे दिसले तर तडक हॉस्पिटल गाठा.