खांद्याचे व्यायाम घरी करताय? मग मोबाईल असा वापरा

खांदा आखडला की रोज फिजिओकडे जाणं कुणालाच जमत नाही आणि फरक पडतो तो घरी दिवसातून दोन-तीनदा केलेल्या व्यायामानेच, पण घरी आपलं चुकतंय का हे सांगायला कोणी नसतं. तिथे मोबाईल खरंच कामाला येतो. त्याआधी मात्र खांदा एकदा डॉक्टर किंवा फिजिओकडून प्रत्यक्ष हात लावून तपासून घ्या, कारण फ्रोजन शोल्डरचे (सांधा आखडून सगळीकडे हलणं कमी होतं तो आजार) व्यायाम वेगळे, रोटेटर कफच्या (खांद्याभोवतीचे स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे पट्टे) इजेचे वेगळे, आणि या रोटेटर कफचं ऑपरेशन झालं असेल तर शिवलेला भाग हाडाला नीट धरेपर्यंत काही आठवडे हात स्वतःच्या ताकदीने उचलायचाच नसतो, तेव्हा व्हिडिओ बघून काहीही सुरू करू नका.

पहिलं काम शूटिंग. मोबाईल छातीच्या उंचीवर टेकवून ठेवा, सात-आठ फूट लांब, कंबरेपासून वर गेलेल्या हातापर्यंत सगळं दिसलं पाहिजे. बिनबाह्यांचा, अंगाला बसणारा कपडा घाला, ढगळ शर्टात काही कळत नाही. हात समोरून वर नेताना बाजूने शूट करा, बाजूने वर नेताना मागून. मग व्हिडिओत हाताकडे नाही तर खांदा कानाकडे चढतोय का आणि पाठ मागे वाकतेय का ते बघा. माझा हात भिंतीवर बऱ्यापैकी वर जायला लागला म्हणून मी खूश होते, व्हिडिओ कॉलवर फिजिओने तो व्हिडिओ मध्येच थांबवून दाखवला तर बरगड्या पुढे आल्या होत्या, कमरेत बाक आलेला, हात होता तिथेच. त्या दिवसापासून मी आकड्याआधी पाठ बघते.

आता कोन. मोबाईलमधला सेन्सर गुरुत्वाकर्षणावरून कल ओळखतो, त्यामुळे कोन मोजायचं ॲप घेऊन मोबाईल दंडाला पट्ट्याने बांधा, हात खाली सोडून शून्य सेट करा, हात वर न्या आणि आकडा दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा, मान वळवून स्वतः वाचलात तर खांदा हलतो. निरोगी खांदा साधारण १८० अंशांपर्यंत जातो. हात बाहेर वळवण्याचं माप उभं राहून घेऊ नका, कारण तेव्हा हात आडवा फिरतो आणि सेन्सरला कळतच नाही. पाठीवर झोपा, कोपर ९० अंशात वाकवून कुशीला चिकटवा, मोबाईल मनगटाजवळ बांधा, हात छताकडे सरळ असताना शून्य धरा आणि मग बाहेर सोडा. फ्रोजन शोल्डरमध्ये सगळ्यात जास्त अडतं ते हेच वळण, म्हणून हे माप चुकवू नका.

माप आठवड्यातून एकदाच घ्या, त्याच वेळी, अंग थोडं गरम झाल्यावर. चार-पाच अंश इकडे तिकडे झाले तर ती मोजण्यातली चूक समजा, रोज मोजलं की जीव उगाच खालीवर होतो.

कॅमेऱ्यासमोर खेळायचे व्यायामाचे गेम किंवा अंगावर हाडांचा सांगाडा काढून दाखवणारी ॲप्स कंटाळा येऊ नये म्हणून छान आहेत, पण हात सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने आला की एका कॅमेऱ्याला हात किती पुढे-मागे आहे ते नीट कळत नाही आणि कोन चुकतो, आणि गुणांच्या नादात आपण झटके देतो. झटका नको, सावकाश.

दुखणं ० ते १० मध्ये लिहून ठेवा, व्यायाम करताना किती आणि रात्री किती. व्यायामाच्या वेळी थोडं ओढल्यासारखं होणारच, पण रात्री झोपमोड झाली किंवा दुसऱ्या सकाळी ठणका राहिला तर आदल्या दिवशी जास्त झालं, तेवढं कमी करा. पडल्यावर अचानक हात उचलताच येईना, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा आला, खांदा लाल-गरम होऊन ताप आला, तर सगळं थांबवून डॉक्टर गाठा, आणि खांद्याबरोबर छातीत दाब आणि घाम असेल तर तो खांदा समजूच नका, तडक इमर्जन्सीत जा.

फिजिओशी व्हिडिओ कॉल असेल तर त्याच्या आदल्या दिवशी आठवड्याचे आकडे आणि दोनच व्हिडिओ पाठवा, एक चांगला जमलेला आणि एक अजिबात न जमलेला. न जमलेल्यावरच जास्त बोलणं होतं.