फर्टिलायझेशन म्हणजे युरिया नव्हे: पीयूसीला येणाऱ्या मराठी माध्यमवाल्यांसाठी

दहावीपर्यंत मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले. पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, बेळगावात सायन्स घेतलं आणि पहिल्याच चाचणीत बायोलॉजीत वीसपैकी चार मिळाले. परागण वेगळं, फलन वेगळं, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. पण पेपरात आलं 'पॉलिनेशन' आणि 'फर्टिलायझेशन'. फर्टिलायझर म्हणजे युरिया, एवढंच डोक्यात. मग काय, दोन्हींखाली एकच उत्तर खरडलं.

त्यानंतर दोन रकान्यांची वही केली आणि खानापूर-बेळगाव बसमध्ये ती पाठ करत सुटले. एन्थर म्हणजे परागकोश, स्टिग्मा म्हणजे कुक्षी, ओव्हरी म्हणजे अंडाशय, ओव्यूल म्हणजे बीजांड. अंडाशयाचं फळ होतं आणि बीजांडाचं बी. पण आपल्याकडच्या काजूवर सांभाळून हं! रसाळ बोंडू हे खोटं फळ. आपण जिला बी म्हणतो, ती खाली लोंबणारी टणक वस्तू हेच खरं फळ.

नुसते शब्द पाठ करून भागत नाही, शेतात बघायलाच हवं. मक्याचा तुरा म्हणजे नरफुलं. कणसातून बाहेर लोंबणारा एकेक केस एकेका बीजांडापर्यंत जातो, म्हणून ज्या केसावर पराग पडला नाही तिथला दाणा भरत नाही. भात निसवलं की सकाळी उन्हं चढल्यावर लोंबीजवळ बसा, पिवळट परागकोश बाहेर लटकलेले दिसतील. भाताचे पराग जेमतेम अर्धा तास जिवंत राहतात. निपाणीकडच्या तंबाखूच्या कुळाचे, म्हणजे वांगी-मिरचीच्या सोलॅनेसीचे, काही महिने टिकतात. ही तुलना परीक्षेत हमखास विचारतात, आणि आपल्या जिल्ह्यात दोन्ही पिकं आहेत.

दुहेरी फलन मला सगळ्यात जड गेलं. रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी ते 1898 मध्ये दाखवलं. बीजांडातल्या भ्रूणकोशात पेशी सात, केंद्रकं आठ. परागनलिकेतून दोन नर युग्मकं, म्हणजे नर जननपेशी, येतात. एक अंडपेशीला मिळतं, त्याचा भ्रूण. दुसरं दोन ध्रुवीय केंद्रकांना मिळतं, त्याचा भ्रूणपोष म्हणजे एंडोस्पर्म. गुणसूत्रांचं गणित भातावर मांडलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. पानात 24, नर युग्मकात 12, भ्रूणात 24, भ्रूणपोषात 36. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ आपण खातो तो हा छत्तीसवालाच. शहाळ्याचं पाणीही भ्रूणपोषच, फक्त त्यात पेशीभित्तिका तयार झालेल्या नसतात.

आता डीएनएची प्रत काढणारी विकरं, म्हणजे एन्झाइम. इथे बहुतेकजण नावं घोकतात आणि दिशेत फसतात. मी रोपलावणीवरून समजून घेतलं. चिखल करणारा पुढे पुढे जातोय, तो हेलिकेज. दोन धागे उलगडत जाणारा. लावणाऱ्या बायका वाकून मागे मागे सरकतात, ते डीएनए पॉलिमरेज. त्याला एकाच दिशेनं लावता येतं, पाच-प्राइमकडून तीन-प्राइमकडे (ही धाग्याच्या दोन टोकांची नावं). एका धाग्यावर ही दिशा आणि चिखलाची दिशा जुळते, काम सलग होतं. दुसऱ्यावर उलटी पडते. मग दरवेळी नव्यानं झालेल्या चिखलापाशी जाऊन आधी लावलेल्या तुकड्यापर्यंत लावत यायचं. हेच ओकाझाकी तुकडे. जिवाणूंत ते साधारण हजार ते दोन हजार न्यूक्लिओटाइडांचे, म्हणजे डीएनएच्या सुट्या घटकांचे, असतात.

शिवाय पॉलिमरेजला कोरी सुरुवात जमत नाही. पहिल्या चार काड्या कुणीतरी लावून द्याव्या लागतात. ते काम प्रायमेजचं, आणि त्या काड्या आरएनएच्या. पुढे त्या उपटून तिथे डीएनए भरला जातो. आईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आणि तुकड्या-तुकड्यांमधला सांधा कोण बुजवतंय गं?" तो लायगेज. आमच्या वर्गात हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

हाच लायगेज बायोटेक्नॉलॉजीच्या धड्यात परत भेटतो. तिथे ईको-आर-वन हे विकर जीएएटीटीसी हा डीएनएच्या अक्षरांचा क्रम ओळखून दोन्ही धाग्यांवर जी आणि ए यांच्यामध्ये कापतं, त्यामुळे टोकं एकासमोर एक न येता चिकट, लोंबती राहतात. ती टोकं जुळली की सांधायचं काम पुन्हा लायगेजचं. पीसीआरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत डीएनएच्या भराभर प्रती काढताना, मात्र हेलिकेज लागत नाही, धागे उष्णतेनंच सुटतात. तो ताप सोसणारं टॅक पॉलिमरेज गरम झऱ्यातल्या जिवाणूचं आहे. "पीसीआरमध्ये हेलिकेज" या पर्यायावर मी एकदा खूण करून आले होते.

नीटला मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते, म्हणून काहीजण कोल्हापूर केंद्र घ्यायचा विचार करतात. माझं मत विचाराल तर नको. दोन वर्षं इंग्रजीत शिकून ऐन वेळी 'द्विबीजपत्री' वाचत बसायचं कशाला? कर्नाटकाच्या सीईटीला तर बायोलॉजीचे 60 प्रश्न 80 मिनिटांत उरकायचे असतात. त्यात उणे गुण नाहीत, तेव्हा एकही गोल कोरा सोडू नका.